मद्यपान करून वाहन चालवल्याचा गंभीर गुन्हा: बचावाची तयारी कोणत्या क्रमाने करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीच्या न्यायालयात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्यांदा उभे राहणारे अनेक जण "दंड भरून एकदाचे मोकळे होऊ" एवढाच विचार करून आलेले असतात. दंड भरला जातो. पण त्या कबुलीबरोबर वाहन परवाना किमान सहा महिन्यांसाठी जातो, विम्याचा दावा अडचणीत येतो आणि पुन्हा कधी असे घडले तर तो गुन्हा 'दुसरा' म्हणून मोजला जातो, हे फार उशिरा कळते. दुसरीकडे, अपघातात कोणी दगावले असेल तर घाबरलेले नातेवाईक चालक बदलण्यापासून गाडी लपवण्यापर्यंत असे काही करून बसतात की मूळ गुन्ह्यापेक्षा त्याचीच शिक्षा भोगायची वेळ येते. खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. हे लिखाण वकिलाची जागा घेणारे नाही. वकिलाकडे जाताना हातात काय असावे आणि त्यांना काय विचारावे, हे सांगण्यासाठी आहे.

१. गुन्हा नेमका कोणत्या कलमाखाली आहे ते आधी पाहा

"दारू पिऊन गाडी चालवल्याची केस" असे तोंडी सांगितले जाते, पण त्या एका वाक्यामागे तीन वेगवेगळ्या वजनाचे गुन्हे असू शकतात आणि जामिनापासून न्यायालयापर्यंत सगळे त्यावरच ठरते.

केवळ कलम १८५ असेल, तर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळणे हा गुन्ह्याचा गाभा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा जामीनपात्र आहे, मात्र जागेवर दंड भरून मिटवण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत तो नाही. रस्त्यावर पैसे घेऊन 'मिटवले' असे कोणी सांगितले तर कायद्याच्या दृष्टीने काहीही मिटलेले नसते.

कोणी जखमी झाले असेल तर भारतीय न्याय संहितेची कलमे २८१ आणि १२५ जोडली जातात. गंभीर दुखापतीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मृत्यू झाला असेल, तर कलम १०६(१) लागले आहे की कलम १०५, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो. १०६(१) म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू: पाच वर्षांपर्यंत कैद, जामीनपात्र, खटला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. १०५ म्हणजे सदोष मनुष्यवध: अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात आणि मृत्यू होऊ शकतो याची जाणीव सिद्ध झाल्यास दहा वर्षांपर्यंत कैद. मद्यपान, वेग आणि गर्दीची जागा एकत्र आली की पोलीस १०५ लावण्याकडे झुकतात. मुंबईच्या कार्टर रोडवरील २००६ च्या अपघातात सात जणांचा जीव गेला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम केली, तेव्हापासून या युक्तिवादाला बळ मिळालेले आहे.

*तपासून घ्या:* एफआयआरची प्रत मिळाल्याशिवाय कोणत्याही वकिलाला "किती खर्च येईल, सुटेल का" असे विचारू नका. प्रतीवरील कलमांची ओळ आधी वाचा. गोव्याहून चोर्ला घाटाने येताना गाडीत बाटल्या सापडल्या असतील, तर कर्नाटक अबकारी कायद्याखालचा गुन्हा वेगळा असतो आणि त्याचा बचावही वेगळाच करावा लागतो.

२. पहिले दोन तास

अपघात झाला असेल तर बचावाचा विचार नंतर. थांबणे, जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाचे कर्तव्य आहे. पळून गेलेल्या चालकाच्या बाजूने न्यायालयात बोलायला फारसे काही उरत नाही.

त्यानंतर घड्याळाकडे लक्ष द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ नुसार १८५ खाली अटक केलेल्या व्यक्तीची दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून तपासणी झाली पाहिजे, अन्यथा तिला कोठडीतून सोडले पाहिजे. म्हणून अडवल्याची वेळ, श्वासचाचणीची वेळ, ठाण्यात नेल्याची वेळ आणि डॉक्टरांसमोर उभे केल्याची वेळ मनात किंवा मोबाईलमध्ये नोंदवून ठेवावी, किंवा सोबतच्या माणसाला नोंदवायला सांगावी. मात्र या तरतुदीचा अर्थ ताणू नये. दोन तास उलटले म्हणून खटला आपोआप पडत नाही. कायद्याने सांगितलेला परिणाम कोठडीतून सुटकेचा आहे. उशिराचा खरा उपयोग पुढे, रक्ताच्या अहवालावर किती विसंबायचे यावर वाद घालताना होतो.

श्वासचाचणी नाकारावी का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. नाकारू नये. संशयाला वाजवी कारण असेल तर नकार दिल्यावर अटक करता येते, रक्ताचा नमुना मागता येतो आणि कलम २०५ नुसार सबळ कारणाविना दिलेला नकार तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला पुष्टी देणारी बाब म्हणून धरला जाऊ शकतो. दमा किंवा छातीच्या दुखण्यामुळे फुंकर पूर्ण होत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, वैद्यकीय तपासणीच्या कागदावर ते लिहून घ्यावे आणि रक्ताच्या चाचणीला तयार असल्याचे सांगावे. ठाण्यात नेल्यावर पुन्हा श्वासचाचणीची संधी द्यावी, अशी तरतूद कलम २०३ मध्ये आहे. ती मागायला हरकत नाही.

रक्त घेताना तीन गोष्टी पाहा. हात स्पिरिटच्या बोळ्याने पुसला की मद्यार्क नसलेल्या द्रावणाने. बाटलीत रक्त टिकवणारे द्रव्य, म्हणजे सोडियम फ्लोराइड, होते का. आणि बाटली तुमच्यासमोर सील होऊन तिच्यावर नाव, वेळ व सही आली का. आरोपी महिला असेल आणि डॉक्टर पुरुष असतील, तर नमुना दुसऱ्या महिलेच्या उपस्थितीतच घ्यावा लागतो.

*सावधान:* "गाडी मी नाही, ड्रायव्हर चालवत होता" असे खोटे सांगणे, मित्राला चालक म्हणून पुढे करणे किंवा रुग्णालयात कोणाला 'सांभाळून घ्या' म्हणणे, हे स्वतंत्र गंभीर गुन्हे आहेत. पुण्यात मे २०२४ मध्ये घडलेल्या पोर्शे अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. असा सल्ला देणाऱ्या नातेवाइकाला लगेच बाजूला करावे.

३. कन्नड कागदावर सही करण्यापूर्वी

सीमाभागातल्या मराठी माणसाचा बचाव सर्वांत जास्त इथेच ढासळतो. एफआयआर, पंचनामा, जप्तीची यादी, अटकेचा कागद हे सगळे कन्नडमध्ये असते. रात्रीची वेळ असते, घरचे बाहेर ताटकळत असतात आणि सही करून सुटावे असे वाटते. पंचनाम्यात, म्हणजे इकडे ज्याला महजर म्हणतात त्यात, जागा, वेळ, गाडीची स्थिती आणि उपकरणाचा क्रमांक लिहिलेला असतो. या चारही गोष्टी वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगावे आणि सहीखाली मराठीत "मजकूर मला वाचून दाखवला" किंवा, तसे झाले नसेल तर, "मजकूर मला समजावून दिलेला नाही" असे तारीख-वेळेसह लिहावे.

तपासादरम्यान पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर मात्र, तो कोणत्याही भाषेत असो, सही घेण्याची कायद्यात तरतूदच नाही. उलट मनाई आहे. नाव, पत्ता, परवाना आणि गाडीची कागदपत्रे द्यावीत. किती प्यालो, कुठे प्यालो, कोणाबरोबर होतो, यावर "वकिलांशी बोलून सांगतो" एवढे उत्तर पुरेसे आहे. पोलिसांसमोरची कबुली पुरावा म्हणून चालत नाही हे खरे, पण त्या कबुलीच्या आधारे हॉटेलचे बिल आणि साक्षीदार शोधले जातात.

"मला शुद्धच नव्हती, काय झाले ते कळलेच नाही" हे वाक्य दयेपोटी बोलले जाते आणि तेच सर्वांत घातक ठरते. न्याय संहितेच्या कलम २४ प्रमाणे स्वतःहून नशा केलेल्या माणसाला, तो शुद्धीत असता तर जी जाणीव असती, तीच जाणीव होती असे धरले जाते. त्यामुळे १०५ मधून सुटण्यासाठी हे वाक्य उपयोगी पडत नाही. पिण्याची कबुली मात्र होऊन बसते.

अटक झाली असेल तर अटकेची कारणे लेखी मागावीत. वरळीतील २०२४ च्या अपघातातून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे की ही कारणे अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत. बेळगाव जिल्ह्यातील मराठी भाषकासाठी हा निकाल मोलाचा आहे. रिमांडच्या वेळी वकिलांनी तो मांडलाच पाहिजे.

४. जामीन

कलम १८५ आणि १०६(१) जामीनपात्र असल्याने जामीन हा हक्क आहे. ठाण्यातही तो मिळू शकतो. कलम १०५ असेल तर सत्र न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि तिथे नाकारला गेल्यास धारवाड येथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठात. अटक अजून झालेली नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो, पण अर्ज करून फरार राहणे म्हणजे अर्जच कमकुवत करणे आहे.

जामीनदाराची तयारी आधीच करावी. आधार कार्ड, छायाचित्रे, जमिनीचा चालू उतारा किंवा घरपट्टीची पावती हे सगळे मूळ आणि प्रतींसह लागते. चंदगड, गडहिंग्लज किंवा कागल भागातला नातेवाईक सातबारा घेऊन आला की "स्थानिक जामीनदार आणा" असे ऐकावे लागते. जामीनदाराची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे एवढ्याच कारणाने तो नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मोतीराम प्रकरणात सांगितलेले आहे. तरीही व्यवहार म्हणून एक स्थानिक जामीनदार सोबत ठेवावा. तत्त्वासाठी एक रात्र तुरुंगात काढण्यात शहाणपण नाही.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेल्यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १५१०० हा त्यासाठीचा देशव्यापी दूरध्वनी क्रमांक आहे.

*सावधान:* कोल्हापूर जिल्ह्यात राहून बेळगावच्या तारखा चुकवू नका. वॉरंट निघाले की जामीन रद्द होण्याची वेळ येते आणि जामीनदाराच्या मागे नोटीस लागते.

५. गाडी सोडवणे

न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून, नोंदणीपत्र, विमा आणि बंधपत्र देऊन गाडी परत मिळते. गाड्या ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावले आहे. घाई एकाच ठिकाणी करू नये: अपघात झालेला असेल आणि ब्रेक किंवा टायर निकामी झाल्याचे तुमचे म्हणणे असेल, तर मोटार वाहन निरीक्षकांची तपासणी होऊन अहवाल येईपर्यंत गाडी दुरुस्त करू नका, धुऊही नका. सगळ्या बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत.

६. कागद मिळवणे आणि वेळा जुळवून पाहणे

दोषारोपपत्राची प्रत आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत विनामूल्य मिळाली पाहिजे. त्याआधीच एक काम उरकावे लागते: टोल नाका, पेट्रोल पंप, हॉटेल येथील सीसीटीव्हीचे चित्रण आपोआप पुसले जाते. कोगनोळी किंवा हत्तरगी टोलची वेळ तुमच्या बाजूने बोलणारी असेल, तर चित्रण जपून ठेवण्याची लेखी विनंती टोलचालकाला आणि तपास अधिकाऱ्याला लगेच द्यावी व पोच घ्यावी. हे न केल्याने हातचा पुरावा गेल्याची उदाहरणे प्रत्येक वकिलाकडे आहेत.

प्रत हातात आल्यावर सर्वप्रथम श्वासचाचणीची पट्टी काढावी. ती पेट्रोल पंपाच्या पावतीसारखी गुळगुळीत कागदावर छापलेली असते आणि काही महिन्यांत पुसट होते, म्हणून तिची छायाप्रत आणि छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे. पट्टीवर उपकरणाचा क्रमांक, चाचणीचा क्रमांक, तारीख, वेळ, आधीचे शून्य वाचन आणि मग तुमचे वाचन असा क्रम साधारणपणे असतो. शून्य वाचन आहे का? उपकरणाचा क्रमांक आणि पंचनाम्यातला क्रमांक एकच आहे का? उपकरणाच्या कॅलिब्रेशनचे, म्हणजे अचूकता तपासल्याचे, प्रमाणपत्र जोडले आहे का आणि चाचणीच्या दिवशी त्याची मुदत शिल्लक होती का? उपकरण केंद्र सरकारने मान्य केलेल्या प्रकारचे असावे लागते. तशी अधिसूचना दाखवण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे.

त्यानंतर एक कोरा कागद घेऊन वेळांची यादी करा: घटना, एफआयआर, पट्टी, अटक, रुग्णालयातील वैद्यकीय-कायदेशीर नोंद, रक्त घेतले ती वेळ, नमुना ठाण्यात कधीपर्यंत होता आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत कधी पोहोचला. पट्टीवर रात्री ११.४० आणि पंचनाम्यात ११.१० असेल, तर हा नुसता लेखनदोष की उपकरणाचे घड्याळ चुकीचे, हे विचारायला हवे. नमुना प्रयोगशाळेकडे जाईपर्यंत कुठे, कोणाच्या ताब्यात आणि शीतपेटीत होता का, याची साखळी एका जागी तुटली तरी अहवालाचे वजन घटते. रक्तातील मद्यार्क तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅमने उतरतो. त्यामुळे तीन तासांनी घेतलेल्या नमुन्यात ३४ मिलिग्रॅम आले असेल, तर ती वेळ तुमच्या विरुद्ध जाते, बाजूने नाही. हे उलटे समजणारे अशील फार भेटतात.

नुसत्या वासावर, लडखडण्यावर किंवा लाल डोळ्यांवर उभा केलेला खटला कमजोर असतो. रक्त किंवा लघवीच्या तपासणीशिवाय केवळ अशा लक्षणांवरून मद्यपानाचा निष्कर्ष पक्का धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये म्हटले होते. मात्र चाचणीची पट्टी आणि प्रयोगशाळेचा अहवाल दोन्ही नीट असताना हा मुद्दा मांडून वेळ घालवू नये. खोकल्याचे औषध, माउथवॉश, दशमूलारिष्टासारखे आसव-अरिष्ट यांचे कारण देणार असाल तर औषधाची चिठ्ठी आणि बिल घटनेच्या आधीच्या तारखेचे हवे. आणि तोंडात राहिलेल्या मद्यार्काने श्वासाचे वाचन फुगू शकते, रक्ताचे नाही.

७. परवान्याची लढाई वेगळी आहे

पोलीस मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ खाली परवाना ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवतात. मिळालेल्या पोचपावतीवर गाडी चालवता येते हा समज चुकीचा आहे. परवाना परत मिळेपर्यंत चालवता येत नाही. अधिकाऱ्याने म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते, म्हणून त्यांची नोटीस आली की लेखी उत्तर द्या. उत्तर दिले नाही तर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांची अपात्रता, आणि त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी परवाना रद्द, असा आदेश एकतर्फी होतो. आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते.

याखेरीज न्यायालयाने १८५ खाली दोषी ठरवले तर कलम २० प्रमाणे किमान सहा महिन्यांची अपात्रता द्यावीच लागते. कोल्हापूरचा एमएच-०९ परवाना असो की बेळगावचा केए-२२, अपात्रतेचा आदेश राज्याच्या सीमेवर संपत नाही, आणि त्या काळात गाडी चालवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पोटाचा धंदाच चालकाचा असेल तर निर्णय घेण्याआधी हा हिशेब मांडावा.

८. कबुली द्यायची की खटला लढवायचा

सहाव्या टप्प्यातील कागद वाचल्यानंतरच हा निर्णय घ्यावा. कागद स्वच्छ असतील, वाचन ३० च्या कितीतरी वर असेल, कोणाला इजा नसेल आणि आधीचा गुन्हा नसेल, तर कबुली देऊन शिक्षेच्या प्रमाणावर बोलणे माझ्या मते अधिक शहाणपणाचे आहे. उलट वाचन सीमेवर असेल किंवा वेळा जुळत नसतील तर लढावे. मृत्यूचा गुन्हा असेल तर पहिल्याच तारखेला कबुलीचा विचारही करू नये. कबुलीनंतर दोषसिद्धीविरुद्ध अपील उरत नाही. शिक्षेचे प्रमाण किंवा तिची कायदेशीरता एवढ्यावरच बोलता येते.

मृताच्या घरच्यांशी समझोता झाला म्हणजे केस मिटली, असे गावात हमखास सांगितले जाते. कलम १८५, १०६ आणि १०५ यांत तडजोड करता येत नाही. त्यांना मदत करायची असेल तर वकिलांमार्फत, लेखी आणि कोणत्याही अटीविना करावी. साक्षीदाराकडे जाऊन बोलणे म्हणजे जामीन गमावणे.

विमा कंपनीला अपघात लगेच कळवावा, पण पिण्याबद्दल खोटे लिहू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर, चाचणीचा कागद नसतानाही इतर पुराव्यावरून कंपनी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते.

९. खटला सुरू झाल्यावर

कलम १०५ लागलेले असेल तर आरोप निश्चित होण्यापूर्वी दोषमुक्तीचा अर्ज करावा. खटला सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यापासून ६० दिवसांची मुदत आहे. मुद्दा असा मांडावा की पुराव्यातून निष्काळजीपणा दिसतो, मृत्यू होईल ही जाणीव दिसत नाही. वेग, रस्त्याची रुंदी, उजेड, पादचाऱ्यांची गर्दी, ब्रेक लावल्याच्या खुणा हे सर्व इथे कामी येते. केवळ १८५ चा पहिला गुन्हा असेल तर न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत घटनेपासून एक वर्ष आहे, तीही तपासावी.

प्रयोगशाळेचा अहवाल पुराव्यात येताना "मान्य" म्हणण्याची सवय काही ठिकाणी दिसते. मान्य केले की तज्ज्ञाला उलटतपासणीसाठी बोलावण्याचा आग्रह सैल पडतो. चित्रण किंवा उपकरणातील नोंदी संगणकीय असतील तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडले आहे का, ते पाहावे. साक्ष कन्नडमध्ये चालू असेल आणि तुम्हाला ती समजत नसेल, तर भाषांतर करून मागणे हा तुमचा हक्क आहे. गप्प बसून नंतर वकिलांना विचारण्याने उलटतपासणीचा प्रश्न निसटतो.

दंडाधिकाऱ्यांनी दोषी ठरवल्यास निकालाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागावी. सत्र न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे आणि प्रत तयार होण्यास लागलेला काळ त्यातून वगळला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि तुम्ही जामिनावर असाल, तर अपील दाखल करेपर्यंत शिक्षा स्थगित ठेवण्याचा अर्ज निकाल देणाऱ्या न्यायालयातच करावा. तो अर्ज टंकलिखित करून निकालाच्या तारखेला सोबत न्यावा आणि जामीनदारालाही त्या दिवशी हजर ठेवावे.